जिन्याखालचं बाकडं

शुक्रवार, २ फेब्रुवारी २०२४.
नळाला आज पाणी बारीक. सकाळी ऋचा आली होती, शाळेच्या सहलीचं विचारायला. यंदा इटली. नाही म्हणून सांगितलं. टावर चौकातून गाजरं आणली होती, वरून लालभडक, आतून पिवळी निघाली. श्रीकांतचा निळा स्वेटर द्यायला काढला होता, परत ठेवला. उजवा गुडघा. संध्याकाळी प्रकाश येऊन बसला. रविवारी बोलू म्हटलं.

‘नाही म्हणून सांगितलं’ हे वाक्य जयूबाई पोतनीसांच्या डायरीत क्वचितच येतं. शाळकरी वयापासून त्या रोज संध्याकाळी डायरी लिहीत आल्या आहेत. त्यात दूधवाला आहे, पाहुणे आहेत, लग्नं, मयतं, पापडांचं पीठ, सगळं आहे. पण कुणी काही मागितलं आणि आपण दिलं नाही, असं आयुष्यात फारसं घडलंच नाही, तर लिहिणार कुठून? म्हणून त्या शुक्रवारी ते वाक्य लिहून झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि चष्मा काढून नुसत्या बसून राहिल्या. मोकळं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. फक्त दमल्यासारखं वाटलं, आणि ते तर रोजचंच होतं.

उज्जैनच्या फ्रीगंजात त्या राहतात तिथून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर एक खासगी शाळा आहे. तिथे त्यांनी निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवलं. ही शाळा उन्हाळ्याच्या सुटीत अकरावीच्या मुलांना परदेशी घेऊन जाते. चित्रकला, इतिहास किंवा एखादी परकी भाषा घेतलेल्या मुलांना. विज्ञानवाले कोट्याला जातात आणि आर्ट्सवाले युरोपला, असं गावात चेष्टेने म्हणतात. मुलांची नावं पटापट येत. अडायचं ते मुलींपाशी. दोन तरुण शिक्षिका बरोबर आहेत, एवढ्याने आयांचं समाधान होत नसे. घरचं असं कुणी मोठं माणूस आहे का, हा प्रश्न प्रत्येक सभेत यायचा.

जयूबाईंचे यजमान श्रीकांतराव रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. ते गेले आणि त्यांचं वर्षश्राद्ध झालं, त्याच महिन्यात प्रिन्सिपल स्वतः घरी आले. बाईंना पारखून न घेतलेली आई फ्रीगंजात शोधून सापडली नसती, कारण निम्म्या आयांना त्यांनीच इंग्रजी शिकवलं होतं. मुलगा सौमित्र बंगळुरूहून फोनवर म्हणाला, जा आई, मन रमेल. जयूबाई काठमांडूपलीकडे कुठे गेलेल्या नव्हत्या. त्या हो म्हणाल्या. आणि त्यानंतर, करोनाची वर्षं सोडली तर, दर सालच्या मे महिन्यासाठी हो म्हणतच राहिल्या.

लोकांना वाटे, बाईंनी अख्खा युरोप पाहिला. हळदीकुंकवाला कुणीतरी हटकून विचारायचं, जयूताई, पॅरिस कसं आहे हो? त्या म्हणायच्या, स्वच्छ आहे. ते खरंच होतं. त्यांनी पॅरिसची औषधांची दुकानं पाहिली होती, तिथे जुलाबाच्या गोळ्या कोणत्या कप्प्यात असतात हे त्यांना माहीत होतं. लंडनमधल्या एका मोठ्या म्युझियमचं त्यांनी बायकांचं स्वच्छतागृह पाहिलं होतं, कारण एका मुलीला नेमकी तिथेच पाळी आली आणि ती दार उघडेना. बाकी वेळ त्या बाहेरच्या बाकावर बसून असत, मांडीवर सहा जणींच्या पर्सेस, पायाशी मुलांच्या सॅक. आजी, हे धरा ना दोन मिनिट. ती दोन मिनिटं कधी संपत नसत.

त्यांना स्वतःला पाहायचं असं एकच होतं, आणि ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

लहानपणी त्या नन्सच्या शाळेत होत्या. चौथीच्या वर्गात फळ्याच्या वर एक चित्र लावलेलं होतं. कुठल्याशा मासिकातून कापलेलं, काळंपांढरं, कडा पिवळ्या पडलेल्या. कमानींचा एक ओटा, त्यावर हात छातीशी धरून बसलेली एक मुलगी, आणि तिच्यापुढे गुडघा टेकलेला देवदूत. ज्या सिस्टर शिकवायच्या त्या सांगत, हे इटलीतल्या फ्लॉरेन्स गावच्या एका मठात आहे, भिंतीवरच काढलेलं. जिना चढून गेलं की एकदम समोर येतं. आपण ते पाहिलं आहे असं त्या म्हणत नसत. नुसतं सांगत. पोतनीसांकडे येण्याआधीची, दोन वेण्यांची जयू भागाकार चुकला की मान वर करून त्या देवदूताकडे पाही. घरच्या देवांना ती हात जोडत असे, ते निराळं. हा नुसता पाहायचा.

त्या मठाच्या दारापर्यंत जयूबाई दोनदा जाऊन आल्या होत्या.

पहिल्या खेपेची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती सांगणारे तिचा शेवट सांगत नाहीत. त्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक आईने, दुसरीला न सांगता, आपल्या मुलाच्या सामानात महाकालाच्या भस्माची पुडी टाकली. कुणी सॉक्समध्ये, कुणी कंपासपेटीत, कुणी सॅनिटरी पॅडच्या पाकिटात. परक्या मुलखात नजर लागू नये म्हणून. तिथल्या विमानतळावर एक बॅग उघडली, मग दुसरी, मग सगळ्याच. आणि स्टीलच्या लांब टेबलावर वर्तमानपत्राच्या करड्या पुड्यांची रांग लागली. जयूबाईंनी नन्सच्या इंग्रजीत शांतपणे सांगितलं की ही राख आहे, पवित्र आहे, कपाळाला लावतात. अधिकारी बरा माणूस होता. त्याने विचारलं, कशाची राख? शेणाच्या गोवऱ्यांची, असं त्या सांगणार, तोच मागून यज्ञेश्वर नावाचा एक मुलगा छाती पुढे काढून म्हणाला, सर, डेड बॉडी. चितेची. आमच्या उज्जैनमध्येच मिळते फक्त.

मग पुड्या तपासणीला गेल्या. बरोबरच्या शिक्षिकेने, ऋचाने, मुलांना बसमध्ये घालून पुढे नेलं आणि पुड्यांची जबाबदारी घेऊन जयूबाई एका खिडकी नसलेल्या खोलीत बसून राहिल्या. त्यांची सुटका झाली, टॅक्सीने त्या फ्लॉरेन्सला पोचल्या, मठाचं दार गाठलं, तेव्हा मुलं जिना उतरून खाली येत होती आणि पहारेकरी मागून दारं लावत होता. यज्ञेश्वरच पुढे होता. तो त्यांना म्हणाला, “अच्छा हुआ आजी तुम्ही नाही आलात. वर काहीच नाहीये. बस एक परी आहे.”

दुसऱ्या खेपेला त्या वेळेवर पोचल्या. पण वर मोठ्या पिशव्या नेता येत नव्हत्या आणि सामान ठेवायची खोली भरलेली होती. जिन्याखाली एक लाकडी बाकडं होतं. आजी, धरा ना, दोन मिनिट. जयूबाई बसल्या. जिना तिथून दिसत होता, पायऱ्या दगडी, मधोमध झिजलेल्या, आणि जिना वळतो तिथे वरून उजेड येत होता. त्या उजेडाकडे पाहत त्या पिशव्या राखत बसल्या. मुलं आली तेव्हा बस लागली होती.

ऋचाला त्या चित्राचं काही माहीत नव्हतं. ती चित्रकला शिकवते, जयूबाईंचीच विद्यार्थिनी. त्या शुक्रवारी सकाळी ती आली तेव्हा त्या गाजरं किसत होत्या. तिने सांगितलं, मॅडम, यंदा परत इटली, तुमचं नाव लिहून टाकते. जयूबाई म्हणाल्या, नको लिहूस. ऋचाला वाटलं, गुडघ्यामुळे म्हणतायत. तिने व्हीलचेअरची व्यवस्था होते असं सांगितलं. जयूबाई म्हणाल्या, व्हीलचेअरवर बसले तर पिशव्या ठेवायला आणखी जागा होईल तुम्हाला. ऋचा हसली. मग तिच्या लक्षात आलं की बाई हसत नाहीयेत.

संध्याकाळी समोरच्या दारातून प्रकाश आला. प्रकाश दाभाडे सरकारी बँकेत आहे. त्याचे वडील तात्या पाटबंधारे खात्यातल्या नोकरीसाठी अकोल्याहून इकडे आले आणि इकडचेच झाले. त्याची बायको नंदा, मुलगी मृण्मयी. एकाच जिन्यावर समोरासमोर दारं, त्यामुळे विरजण, वर्तमानपत्र आणि बातम्या इकडून तिकडे जातच असतात. मृण्मयी अकरावीत, चित्रकला घेतलेली. अंगाने बारीक, बोलायला त्याहून कमी. सुटीच्या दिवशी राम घाटावर जाऊन बसते आणि अंघोळ करणाऱ्या माणसांच्या पाठी काढते. नुसत्या पाठी. तात्या म्हणतात, हिला माणसांची तोंडं आवडत नाहीत, घरातली पाहून कंटाळली असेल.

प्रकाशने सरळच विचारलं. “काकू, ऋचा मॅडम म्हणाल्या तुम्ही जात नाही. मतलब नाही म्हणजे नाहीच?”

त्यांनी मान डोलावली.

“मग मृण्मयीचं पण कॅन्सल समजायचं. बुरा नका मानू. पण तुम्ही असाल तर जिम्मेदारी तुमच्यावर टाकून मी झोपू शकतो. नाहीतर माझ्याने नाही होणार.”

त्याने हे काही दरडावून म्हटलं नाही. चांगला माणूस आहे तो. फक्त त्याची झोप दुसऱ्याच्या जागरणावर उभी आहे हे त्याला कधी दिसलेलं नाही. दारात मृण्मयी उभी होती. हातातली कोथिंबीर निवडत राहिली, आणि निवडून झालेली परत निवडली. जयूबाईंनी ते पाहिलं. रविवारी बोलू, असं त्या म्हणाल्या ते त्या कोथिंबिरीकडे पाहून.

शनिवारी त्यांनी माळ्यावरची सुटकेस काढायला लावली. उचलून पाहिली. रिकामी होती तरी जड लागली. मग त्या पलंगावर बसल्या आणि मनाशी सगळा प्रवास एकदा करून आल्या: इंदूर विमानतळ, मुंबईचं जागरण, कुणाचं तरी हरवलेलं जॅकेट, कुणाची तरी ओकारी, आणि शेवटी ते बाकडं. या खेपेला पिशव्या घेणार नाही, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण आजी, धरा ना, असं कुणी म्हटलं की आपला हात आपोआप पुढे होतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. गेल्या तरी त्या जिना चढणार नव्हत्या, आणि नाही गेल्या तर त्या मुलीचाही जिना राहणार होता. आपलं राहिलं ते राहिलं, असं त्यांना वाटत होतं. त्या मुलीचं मात्र त्यांना टोचत होतं.

रविवारी सकाळी दाभाड्यांकडे पोहे होते, वर बारीक शेव, बाजूला जलेबी. तात्या आरामखुर्चीत बशीत चहा ओतून बसले होते. ते जयूबाईंना वहिनी म्हणतात, श्रीकांतराव त्यांचे बुद्धिबळातले सोबती. नंदा आत-बाहेर करत वाढत होती. ती बोलते, पण माणसं उठून गेल्यावर. इतिहासात एम.ए. झालेली आहे हे जयूबाईंनासुद्धा तिच्या लग्नानंतर किती तरी वर्षांनी कळलं, तेही रद्दीत तिच्या वह्या निघाल्या तेव्हा.

जयूबाईंनी पोहे संपवले, हात पुसले आणि म्हणाल्या, “प्रकाश, मी जात नाही. नंदाला पाठव.”

प्रकाशला आधी वाटलं, नंदाला कुठेतरी बाजारात पाठवायचं आहे.

“मृण्मयीबरोबर. माझ्या जागी. शाळेला एक मोठी बाई हवी, ती मीच हवी असं नाही. ऋचाशी मी बोलते.”

मग बरंच बोलणं झालं, आणि ते सगळं प्रकाशच बोलला. नंदाकडे पासपोर्ट नाही. नंदाला विमानाची सवय नाही. नंदाला चक्कर येते. इंग्रजीची दिक्कत होईल. तात्यांच्या गोळ्या कोण देणार. तात्या म्हणाले, गोळ्या माझ्या मी घेतो, त्या द्यायला काही इटलीहून यावं लागत नाही. प्रकाश म्हणाला, तुम्ही थांबा हो तात्या. तात्या म्हणाले, थांबलोच आहे, जाणार कुठे.

नंदा जलेबीची ताटली हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला कुणी विचारलेलं नव्हतं.

“मी जाईन,” ती म्हणाली.

आवाज इतका साधा होता की प्रकाश मध्येच थांबला. मृण्मयीने मान वर केली. प्रकाशने बायकोकडे पाहिलं, मग ताटलीकडे, आणि त्याच्या तोंडून जे बाहेर आलं ते बहुधा त्यालाही नंतर आवडलं नसावं. “और खाना? आमच्या दोघांच्या जेवणाचं काय?”

इथे जयूबाई चुकल्या. आमच्या सगळ्या बायका इथेच चुकतात. खोलीत कुणी जेवणाचं नाव काढलं आणि दोन क्षण कुणी बोललं नाही, की त्या गप्प जागेत आपलं तोंड आपल्याला न विचारता उघडतं.

“जेवणाचं मी पाहीन,” त्या म्हणाल्या.

बोलून झाल्यावर त्यांना कळलं. युरोपातल्या पिशव्या खाली ठेवल्या आणि त्याच हाताने दुसरी पिशवी उचलली. पण शब्द गेला होता, आणि समोर नंदा ताटली टेकवून टेबलाची कड धरून उभी होती, तिच्यासमोर तो आता परत घेणं शक्य नव्हतं. तात्यांनी बशी खाली ठेवली. “वहिनी, मला वरणात गूळ लागतो,” ते म्हणाले. “आत्ताच सांगून ठेवतो.”

पासपोर्टचं काम झालं. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला नंदा मुंबईला जाऊन आली. प्रकाश बरोबर गेला आणि परत आल्यावर जिन्यात भेटेल त्याला सांगत राहिला की सगळं आपणच जमवलं. आयांच्या सभेत कुरकुर झाली. जयूताईच हव्या होत्या, असं एक-दोघी म्हणाल्या. जयूबाई उठून म्हणाल्या की नंदा माझ्या घरची आहे. त्यांनी ते खोटं सांगितलं नव्हतं. एका जिन्यावरची माणसं घरचीच. सभा शांत झाली. कुणीही मुलीचं नाव काढून घेतलं नाही.

मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी नंदा कणीक मळून ठेवून समोर यायची आणि जयूबाई तिला सांगत. त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं असं हे शिक्षण होतं. बसमध्ये मुलं मोजताना डोकी मोजू नकोस, कुणीतरी वाकलेलं असतं. नावं घे आणि आवाज ऐक. कुणी ‘मला बरं वाटत नाही’ म्हटलं तर आधी जेवला का विचार. रडणाऱ्या मुलीला सगळ्यांच्या देखत जवळ घेऊ नकोस, तिला काम दे. नंदा ऐकून घ्यायची. एकदा तिने विचारलं, काकू, तिथे पाहण्यासारखं तुम्हाला सगळ्यात काय आवडलं?

जयूबाई शेंगा सोलत होत्या. हातातली शेंग सोलून त्या म्हणाल्या, फ्लॉरेन्सला एक मठ आहे. तिथे जिन्याखाली बाकडं आहे, त्यावर बसू नकोस. कुणी पिशवी दिली तर ज्याची त्याच्या गळ्यात अडकव, दोन मुलं खाली ठेव, मग बदली कर. तू मात्र वर जा.

“वर काय आहे?”

“मी पाहिलेलं नाही,” जयूबाई म्हणाल्या. मग त्यांनी चौथीचा वर्ग सांगितला, फळ्यावरचं चित्र, सिस्टर. फार नाही सांगितलं, शेंगा संपेपर्यंतच. नंदाने सालं गोळा केली आणि घरी गेली. काकू, तुम्हीच चला ना, असं तिने म्हटलं नाही, आणि म्हटलं नाही हे जयूबाईंना बरं वाटलं.

निघायच्या दिवशी शाळेच्या पोर्चमध्ये त्यांनी खुर्ची मागून घेतली आणि एकेकाला बॅग उघडायला लावली. पुड्या निघाल्या. आयांनी शपथा घेतल्या होत्या तरी निघाल्याच. एक तर टूथब्रशच्या नळीतून निघाली. शेवटची निघाली नंदाच्या पर्समध्ये. नंदा गोरीमोरी झाली. तात्यांनी दिली, म्हणाली. जयूबाईंनी ती उघडली, चिमूटभर भस्म मायलेकींच्या कपाळाला लावलं, बाकीच्यांच्याही लावलं, आणि सगळ्या पुड्या आपल्या पिशवीत टाकल्या. कपाळावरचं कुणी जप्त करत नाही, त्या म्हणाल्या. दोघींच्या तळहातावर दही-साखर ठेवली. बस वळली तेव्हा खिडकीतून नंदा मागे पाहत नव्हती. पुढे पाहत होती.

मग जेवणं सुरू झाली.

मे महिन्यात उज्जैनला दुपारी पंखासुद्धा गरम वारा घालतो. त्या उन्हात चार भांड्यांचा स्वयंपाक, तोही दोन वेळ. पोळ्यांचा ढीग, डाळ, भाजी, तात्यांना वेगळं बिनतिखटाचं. प्रकाश जेवायला बसला की आधी मोबाइलवर मुलीचा फोटो दाखवायचा आणि मग, जरा संकोचून, लोणचं मागायचा. पहिल्या दिवशी तो ताट तसंच ठेवून उठला. दुसऱ्या दिवशी तात्या त्याला म्हणाले, प्रकाश, ताट उचल, तुझी बायको इटलीत आहे. त्याने उचललं. तिसऱ्या दिवशी घासलंही, बुडाला साबण तसाच ठेवून. तात्या वरणाबद्दल रोज काही ना काही बोलत आणि रोज दोनदा घेत. जयूबाई संध्याकाळी डायरी लिहायला बसत तेव्हा बोटांना हळदीचा वास असे. गुडघ्याला काही आराम नव्हता. यापेक्षा बाकडं बरं, असं एकदा त्यांच्या मनात आलं. तिथे निदान थंड असायचं.

नंदाचा फोन आला तो एका संध्याकाळी, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना. तिकडे दुपार होती. मागे बसचा आवाज, मुलांचा गलका. तिने आधी सांगायचं ते सांगितलं: मृण्मयी ठीक आहे, दोन मुलांचं पोट बिघडलं होतं, आता बरं आहे, एक छत्री हरवली. मग म्हणाली, “काकू, आज गेलो होतो तिथे.”

जयूबाईंनी गॅस बारीक केला.

“मुलं पिशव्या द्यायला आलीच. मी दोघांना बाकड्यावर बसवलं आणि वर गेले. जिना चढला की एकदम समोरच आहे, सिस्टर म्हणायच्या तसंच. पण काकू, ते काळंपांढरं नाहीये.”

“नसणारच ना गं.”

“नाही, पण पंख. देवदूताचे पंख. मी समजत होते पांढरे असतील. ते लहरियाचे आहेत. आपल्याकडे बाजारात टांगलेल्या असतात ना साड्या, तसे पट्टे. पिवळा, मग हिरवट, मग गुलाबी, सगळे एकाखाली एक.”

इतकी वर्षं त्यांनी ते पंख पांढरेच धरले होते. भागाकार चुकला तेव्हा पांढरे, लग्न होऊन पोतनीसांकडे आल्या तेव्हा पांढरे, श्रीकांतरावांच्या उशाशी बसल्या होत्या त्या रात्री एकदा आठवले तेव्हाही पांढरेच.

“आणि ती मुलगी घाबरलेली आहे थोडी,” नंदा म्हणाली. “मागे खोलीला एक छोटी खिडकी आहे, गजांची. मी बराच वेळ उभी होते. मृण्मयी तिथेच जमिनीवर बसून काढत होती. या खेपेला तिने तोंड काढलंय काकू, पाठ नाही. फोटो पाठवते दोन्हीचे.”

मग कुणीतरी मॅडम, मॅडम म्हणून हाक मारली आणि नंदा, आले, असं तिकडे म्हणाली, आणि फोन बंद झाला. ती मॅडम म्हणजे नंदा, हे जयूबाईंच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

पानं घ्यायची वेळ झाली होती. बाप-लेक आले. वाढता वाढता फोन दोनदा वाजला, पण हात तुपाचा होता. तात्यांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि म्हणाले, “वहिनी, आज वरणात गूळ नाही.”

“विसरले,” जयूबाई म्हणाल्या.

तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. वरण मात्र दोनदा घेतलं. प्रकाशने न सांगता ताटं उचलली, घासली, आणि या खेपेला साबण नीट धुतला.

दोघे गेल्यावर त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, चष्मा लावला आणि फोन उघडला. आधी मृण्मयीचं चित्र पाहिलं, पेन्सिलीचं, त्या मुलीचा चेहरा. मग दुसरं. बोटांनी मोठं केलं. लहरियाच होता. खिडकीही होती. फळ्यावरच्या चित्रात तिथे नुसता काळा डाग होता, आणि तो शाईचा आहे असं त्या आजवर समजत होत्या.

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग फोन चार्जिंगला लावला, टेबलाशी बसल्या आणि त्या दिवसाचं पान काढलं. तारीख घातली, नंदाचा फोन आल्याचं लिहिलं, मुलांच्या पोटाचं लिहिलं, छत्रीचंही. मग खाली एक ओळ लिहिली आणि वही मिटली.

तूरडाळ संपली, उद्या आणायची, गूळही बघणे.